जुनी मोटारसायकल घेताना: आधी पार्ट शोधा, मग गाडी

जुनी मोटारसायकल बघायला गेलं की सगळ्यांचा कान आधी इंजिनाकडं. किक मारायची, रेस करायची, धूर कुठल्या रंगाचा येतोय ते बघायचं आणि जाणकारासारखी मान हलवायची. कोल्हापुरात हा क्रम उलटा करावा असं माझं मत आहे. शेतीची ऑइल इंजिनं घडवत वाढलेलं शहर आहे हे. शिवाजी उद्यमनगरात एका गल्लीत सिलेंडरचा बोअर मारणारा, दुसऱ्या गल्लीत क्रँक बांधणारा, तिसऱ्या गल्लीत ॲल्युमिनियमला वेल्डिंग करणारा माणूस भेटतो. बसलेलं इंजिन इथं उठतं.

पण लेथवर आरसी बुक निघत नाही. ओरिजनल टाकी, साइड पॅनल, स्पीडोमीटर, चालू सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), सरळ चेसिस हेही निघत नाही. म्हणून गाडीत जे जे मोडलेलं दिसतं त्याबद्दल एकच विचारायचं: हे इथं बनतं का? बनत असेल तर भाव पाडायला कारण मिळालं. बनत नसेल आणि दुकानातही मिळत नसेल, तर गाडी कितीही देखणी असो, हात जोडून निघायचं. पुढचं सगळं याच हिशोबानं लिहिलंय.

कोणती गाडी पकडायची

पहिलीच जुनी गाडी असेल आणि ती रोज चालवायची असेल, तर सीडी १०० किंवा जुनी स्प्लेंडर घ्या. ऐकायला बेचव वाटतं, मान्य. पण हिरो होंडानं १९८५ मध्ये सीडी १०० आणली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. ९७.२ सीसीचा तोच मूळ घाट पुढं किती तरी मॉडेलांत फिरत राहिला. त्यामुळं पिस्टन किट, क्लच प्लेट, केबल, ब्रेक शू या वस्तू तालुक्याच्या गावातही मिळतात. होंडा वेगळी झाल्यावर पाकिटावर नुसतं ‘हिरो’ आलं एवढाच फरक.

दुसरी बिनघोर गाडी जुनी बुलेट. कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट २०१० च्या आसपास बंद झाली, पण इतकी वर्षं तिचा साचा फारसा हलला नव्हता, म्हणून पार्टचा तुटवडा नाही. त्रास दर्जाचा आहे. एकाच वस्तूचे चार बनावटीचे चार भाव सांगतात आणि स्वस्तातली वस्तू वर्ष काढत नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. आधी मोकळ्या मैदानात सवय करा. कावळा नाक्याच्या गर्दीत पाय चुकला तर समोरची एसटी थांबत नाही.

यामाहाच्या आरएक्स १०० बद्दल काय बोलायचं! १९८५ ते १९९६ एवढाच तिचा काळ. ९८ सीसीची टू-स्ट्रोक (पेट्रोलबरोबर ऑइलही जाळणारी), पण कोल्हापुरात तिचं नाव काढलं की कट्ट्यावरचे चार जण उठून उभे राहतात. भाव त्या प्रेमाचाच आहे, लोखंडाचा नाही. पार्ट मिळतात, मात्र ‘आरएक्स’ हा शब्द ऐकला की दुकानदारही भाव चढवतो. फसवणूकही हिच्यातच जास्त. आरएक्स १३५ चा सिलेंडर ब्लॉक चढवलेल्या, दुसऱ्याच मॉडेलच्या चेसिसवर आरएक्सची टाकी ठेवलेल्या गाड्या ‘ओरिजनल हंड्रेड’ म्हणून फिरतात. खऱ्या आरएक्स १०० चा नंबर ‘१एल१’ नं सुरू होतो. तो चेसिसवर, इंजिनवर आणि बुकात तिन्हीकडं जुळला पाहिजे.

येझदी ही मैसूरच्या आयडियल जावाची. कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. इंजिन साधं, आपल्या मिस्त्र्यांच्या हातातलं, आणि किक व गिअरचा दांडा एकच असल्यामुळं नवख्याची मजा बघायला मिळते. फक्त एक ध्यानात ठेवा: २०१८ नंतर जावा आणि २०२२ पासून येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली, पण त्या फोर-स्ट्रोक आहेत. नव्या शोरूममध्ये जाऊन जुन्या येझदी रोडकिंगचा पिस्टन मागू नका.

राजदूत ३५० ही ज्याला गाडीपेक्षा पार्ट शोधण्यात जास्त रस आहे त्यानंच घ्यावी. दोन सिलेंडर म्हणजे सगळा खर्च दुप्पट. टीव्हीएस-सुझुकीच्या सामुराई आणि शोगन, कावासाकी बजाजची केबी १००, १९९९ ची पहिली सीबीझेड, २००१ ची गोल हेडलाइटवाली पहिली पल्सर या मधल्या रांगेत बसतात. यांच्या इंजिनाचं जमून जातं, पण वरचं अंग, म्हणजे पॅनल, मीटर, टेललाइट, मिळता मिळत नाही. यातली कुठली घ्यायचीच असेल तर इंजिन बंद पण अंगानं पूर्ण गाडी घ्या. इंजिन टुणटुणीत आणि पॅनल गायब, अशी घेऊ नका.

टोकनच्या आधी दुकानं फिरा

मॉडेल मनात पक्कं झालं की गाडी बघायच्या आधी कागदावर दहा वस्तू लिहा: पिस्टन किट, क्लच प्लेट, सीडीआय किंवा पॉइंट सेट, मॅग्नेट कॉइल, कार्ब्युरेटर, पेट्रोल कॉक, स्पीडोमीटर, फोर्कचं ऑइल सील, साइड पॅनल, सायलेन्सर. ही यादी घेऊन शहरातली तीन जुनी स्पेअर पार्टची दुकानं गाठा. सकाळी दहाच्या गर्दीत नको, मिस्त्री लोक तेव्हा माल उचलत असतात. दुपारी जा.

प्रत्येक वस्तूपुढं तीनपैकी एक खूण करा: आज मिळते, मागवून मिळते, मिळत नाही. भावही लिहा. ‘मिळत नाही’च्या रकान्यात जे जमा होईल, तेवढं गाडीवर शाबूत आहे का हे आता बघायचं. हा कागद खिशात असला की विकणारा ‘किरकोळ काम आहे, दोन हजारात होतंय’ म्हणाला तरी आपण डोलत नाही. दुकानदाराशी ओळख होते हा वरचा फायदा. कोणती गाडी डोकं खाते हे तो मालकापेक्षा खरं सांगतो, कारण त्याला ती विकायची नसते.

कागद: इथं घाई केली तर सगळं वाया

‘भावा, गाडी एकदम कडक हाय, कागद तेवढं जरा बघायला लागतील.’ हे वाक्य ऐकलं की चहा पिऊन निघायचं.

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. आपल्याकडं याला री-पासिंग म्हणतात, अर्ज फॉर्म २५ चा. एप्रिल २०२२ पासून याची फी १,००० रुपये आहे, आणि २० वर्षांवरच्या दुचाकीसाठी केंद्रानं २०२५ मध्ये ती २,००० केली. खरा चटका उशिराचा आहे: मुदत उलटल्यावर दर महिन्याला ३०० रुपये. चार वर्षं पासिंगविना पडून असलेल्या गाडीवर नुसता हाच आकडा १४,४०० होतो. शिवाय १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर, म्हणजे ग्रीन टॅक्स, आहेच. म्हणून भाव ठरवायच्या आधी गाडीचा नंबर घेऊन आरटीओत एकूण किती भरावे लागतील ते विचारा आणि तेवढे भावातून वजा करा.

नंबर ऑनलाइन टाकला आणि काहीच दिसलं नाही तर दचकू नका. जुनी नोंद नुसत्या रजिस्टरमध्ये असेल, ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर चढली नसेल. विशेषतः एमएच-०९ च्या आधीचे, तीन अक्षरांनी सुरू होणारे नंबर. याला बॅकलॉग एन्ट्री लागते आणि ती आरटीओच करतं. पण ती विकणाऱ्यानं त्याच्या नावावर आधी करून द्यावी, मग व्यवहार. ‘तुम्ही घेतल्यावर करून घ्या’ हे ऐकायचं नाही.

मालक वारलेला असेल तर, आणि आजोबांच्या बुलेट-राजदूत बहुतेक अशाच असतात, विकणारा नातू हा कायद्यानं मालक नसतो. आधी फॉर्म ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची संमती जोडून गाडी वारसाच्या नावावर यायला हवी, मग तुमच्या. पुण्या-मुंबईला असलेली आत्या किंवा काका पुढं येऊन ‘आमच्या वडिलांची गाडी परस्पर विकली’ म्हणाले तर तुम्ही घरच्या भांडणात सापडता.

सीमेपलीकडची गाडी ही कोल्हापूरची खास गोष्ट. निपाणी, चिकोडी, बेळगाव हाकेच्या अंतरावर, आणि केए-२२, केए-२३ च्या गाड्या इथं स्वस्त सांगतात. स्वस्त असायचं कारण कागदात आहे. तिकडच्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), चोरीची नोंद नसल्याचा दाखला, इकडचा रोड टॅक्स, नवा नंबर, हे सगळं तुमच्या गळ्यात येतं. बाहेरच्या राज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर नवी नोंदणी घ्यावीच लागते. विकणारा एनओसी हातात ठेवून बोलत असेल तर पुढं जा, नाहीतर एमएच-०९ काय कमी पडल्यात?

बुकावर एचपी, म्हणजे बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा, चढलेला असेल तर १९९८ सालचं कर्ज कधीच फिटलेलं असलं तरी कागदावर ते जिवंत असतं. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. कर्ज देणारी पतसंस्थाच बंद पडली असेल तर ते पत्र मिळवणं ही वेगळीच वारी आहे.

आता चेसिस नंबर. हँडलखालच्या मुंडीवर चिंधी आणि थोडं रॉकेल घेऊन स्वच्छ पुसा. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा, छाप उमटते. पासिंगला आरटीओचे निरीक्षकही अशीच घेतात. अक्षरं एका रेषेत आणि एका खोलीची पाहिजेत. आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा, तेवढ्याच जागी जाड रंग, एखादा आकडा वेगळ्या वळणाचा, यातलं काहीही दिसलं तर गाडी सोडा. भंगारात गेलेल्या गाडीचे कागद आणि चोरीची गाडी यांचं लग्न लावणारे लोक आहेत, आणि पोलिसांच्या दारात शेवटी घेणारा उभा राहतो. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, डिजिटल पोलीस पोर्टलवर चोरीची नोंद तपासता येते, पाच मिनिटांचं काम. ई-चलनही तेव्हाच बघून घ्या.

‘विंटेज हाय’ या शब्दाला भुलू नका. २०२१ च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली गाडीच विंटेज. नव्वदच्या सालातली आरएक्स जुनी आहे, बस्स.

पुरात बुडालेली गाडी ओळखणं

२००५, २०१९ आणि २०२१. पंचगंगा तिन्ही वेळा शहरात आणि शिरोळ तालुक्यात घुसली. नागाळा पार्क, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, पलीकडं चिखली-आंबेवाडी, खाली कुरुंदवाड-नृसिंहवाडी इथं गाड्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. त्यातल्या कितीतरी धुऊन, रंगवून परत बाजारात आल्या. पुरात सापडली म्हणून गाडी टाकाऊ ठरत नाही, पण विकणाऱ्यानं ते सांगितलं पाहिजे आणि भावात दिसलं पाहिजे. न सांगता विकत असेल तर बाकीचंही तो लपवतोय असं धरून चाला.

बाहेरून काही कळत नाही. हेडलाइटचा एक स्क्रू काढून आतल्या डब्यात बोट फिरवा. पुराचा गाळ अगदी बारीक, पिवळट असतो आणि वाळला की पावडरीसारखा बोटाला लागतो. सीट काढून मागच्या मडगार्डचं वरचं अंग, वायरिंगवर गुंडाळलेल्या टेपच्या घड्या, टाकीखाली चेसिसची मधली नळी बघा. धुणाऱ्याचा पाइप या तीन जागी पोचत नाही. स्पीडोमीटरच्या काचेत आतून डाग, स्पोकच्या निपलांवर सारखा गंज, चाक उचलून फिरवलं की बेअरिंगची खरखर, हे सगळं एकत्र दिसलं तर गाडी नदी बघून आलीय. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल कॅप उघडा. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी आहे.

सगळ्यात वाईट नुकसान वायरिंगचं होतं. तांबं आतून हिरवं पडतं, आज लाइट लागतात, पावसाळ्यात एकेक करून जातात. अशा गाडीत पूर्ण नवं वायरिंग धरूनच हिशोब करा, आणि त्या मॉडेलचं वायरिंग मिळतं का हे आधी बघा. साध्या पॉइंटवाल्या गाडीचं वायरिंग चांगला इलेक्ट्रिशियन हातानं बांधून देतो. सेल्फ-स्टार्ट, सीडीआयवाल्यात ते कटकटीचं होतं.

गाडीसमोर उभं राहिल्यावर

सकाळी जा आणि आधी फोन करून ‘गाडी सुरू करून ठेवू नका’ सांगा. पोचल्यावर पहिलं काम इंजिनला हात लावणं. गरम लागलं तर चहा मागा आणि ते थंड होईपर्यंत चेसिस बघा.

चेसिस सरळ आहे का हे मागं दहा पावलांवर बसून, एक डोळा मिटून बघायचं: मागचं चाक, पुढचं चाक एका रेषेत दिसलं पाहिजे. मुंडीजवळ आणि सीटखाली वेल्डिंगचे जोड शोधा. कारखान्याचा जोड एकसारखा असतो, गॅरेजमधला ढेकळाढेकळाचा. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाचेत बसल्यासारखं अडलं तर कोनसेट, म्हणजे मुंडीतलं बेअरिंग, गेलाय, तो किरकोळ खर्च. फोर्कचा पाइप मात्र बोटानं चाचपा, खड्डे पडलेले असतील तर नवं सील महिन्यात पुन्हा गळेल. मागचं चाक धरून आडवं हलवा, स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश बोलतात.

मग किक. थंड इंजिन चोक देऊन तिसऱ्या-चौथ्या किकेला लागलं पाहिजे. टू-स्ट्रोक सुरुवातीला धूर करणारच, त्यात काही नाही. फोर-स्ट्रोकनं गरम झाल्यावरही निळा धूर सोडला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील, म्हणजे हाफ इंजिन काम. खालून ठकठक असा जड आवाज असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे फुल इंजिन काम. दोन्ही इथं होतं. त्यामुळं चेहरा पाडायचा, भाव पाडायचा, आणि मनात म्हणायचं, होऊ दे.

चालवताना क्लचची परीक्षा पन्हाळा रोडच्या चढावर मस्त होते, पण तिथवर कोण गाडी देत नाही. सपाटीवर टॉप गिअरमध्ये हळू चालवत एकदम रेस द्या. आवाज चढला आणि वेग तेवढाच राहिला तर क्लच घसरतोय. प्रत्येक गिअरमध्ये रेस देऊन सोडून बघा, गिअर निसटून न्यूट्रलला आला तर ते गंभीर आहे. गिअरचे दात आणि गिअर सरकवणारे फोर्क लेथवर जुळत नाहीत, आणि जुन्या मॉडेलचा गिअरबॉक्स नवा मिळत नाही.

पैसे देताना

टीटी फॉर्म, म्हणजे गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३०, भरून त्यावर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या घेऊन वर्षभर फिरणारे लोक आहेत, तसं करू नका. आता अर्ज ऑनलाइन होतो आणि ओटीपी विकणाऱ्याच्या मोबाईलवर जातो, त्यामुळं त्याचा चालू नंबर वाहन प्रणालीत जोडलेला आहे का हे त्याच दिवशी बघा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी, सक्तीची आहे, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी. तिच्याविना नावावर करायचं काम अडतं.

विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्याला सांगा: अपघात झाला तर कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचं नाव बुकात आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय. गाडी दुसऱ्याला दिली म्हणून जबाबदारी सुटत नाही. हे कळल्यावर बरेच मालक स्वतःच आरटीओत हजर राहतात. ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा. विमा १४ दिवसांत नावावर करायचा. थर्ड पार्टी सक्तीचाच आहे, आणि ७५ ते १५० सीसीला २०२२ च्या दरानं तो ७१४ रुपये अधिक कर, म्हणजे टाळण्यासारखा खर्चच नाही.

आणि खिशातले सगळे पैसे गाडीला घालू नका. तिच्या किमतीच्या निम्मे तरी बाजूला असू देत, पहिल्या तीन महिन्यांत ते जाणार आहेत.

पार्ट कसे शोधायचे

दुकानात जाताना जुना पार्ट पुसून पिशवीत घालून न्या. मोबाईलवरचा फोटो बघून दिलेली वस्तू निम्म्या वेळा परत करावी लागते. त्याहून बरं म्हणजे पार्ट नंबर. जुन्या गाड्यांची पार्ट कॅटलॉग इंटरनेटवर सापडतात, त्यातलं चित्र आणि नंबर लिहून न्या. दुकानदार मान वर करून बघतो.

निम्म्या वस्तू तर गाडीच्या नावानं मागायच्याच नसतात. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, ६२०३, ६३०१ असा. तो घेऊन थेट बेअरिंगच्या दुकानात जा, चांगल्या कंपनीचं मिळेल. ऑइल सीलवर आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. ओ-रिंग, केबल, स्पोक, नटबोल्ट सगळं मापावर मिळतं. ‘येझदीचं सील’ म्हटलं की माणूस नाही म्हणतो, माप सांगितलं की डब्यातून काढून देतो.

डुप्लिकेट कुठं चालतं आणि कुठं नाही याचं माझं गणित असं: आरसा, केबल, ग्रिप, फुटरेस्ट रबर लोकल घ्या, काही बिघडत नाही. पिस्टन रिंग, क्लच प्लेट, ब्रेक शू, सीडीआय यात पैसे वाचवू नका. जुन्या दुकानात कधी कधी वीस-पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेला कंपनीचा माल निघतो. लोखंडी, ॲल्युमिनियमच्या वस्तू डोळे मिटून घ्या. रबरी आणि कॉर्कच्या नकोत, त्या पाकिटातच म्हाताऱ्या झालेल्या असतात.

आता उद्यमनगर. बोअर मारायचा असेल तर आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक न्या. पिस्टन मोजून त्याच्या मापानं बोअर कापायचा असतो. ‘अर्ध्याचा मारून ठेवतो, पिस्टन नंतर आणा’ म्हणणाऱ्याकडं ब्लॉक देऊ नका. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन, साधारण ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरच्या टप्प्यानं असतात. लहानात भागत असेल तर मोठ्यावर उडी मारू नका, पुढच्या वेळेला जागा राहिली पाहिजे. शेवटचा टप्पाही संपलेला असेल तर ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह, म्हणजे आतली नळी, ठोकून पुन्हा स्टँडर्डवर येता येतं. क्रँक बांधून घेताना सेंटरवर फिरवून डायल गेजचा (किती वाकडा फिरतोय ते मोजणाऱ्या यंत्राचा) काटा दाखवायला सांगा. चांगला कारागीर न विचारता दाखवतो.

साइड कव्हर किंवा ब्रॅकेटसारखी मोडलेली ॲल्युमिनियमची वस्तू ओतून घेता येते, फाउंड्र्यांचंच शहर आहे. इथं एक मेख आहे. धातू थंड होताना आकसतो, म्हणून जुनाच पार्ट साचा म्हणून दाबला तर नवा किंचित लहान निघतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. आकसण्याइतका मोठा पॅटर्न करणारा माणूस गाठा, किंवा भोकं बुजवून ओतून घ्या आणि नंतर मापानं पाडा. ब्रेक, चाकाचा हब, फोर्कचे भाग मात्र कधीही ओतून घेऊ नका. दिसायला हुबेहूब होतात, भार आला की तुटतात.

इथं न मिळालेलं पुण्यात नाना पेठेत शोधा, सकाळच्या गाडीनं जाऊन रात्री परत येता येतं. बेळगाव त्याहून जवळ. बुलेटचं काहीही दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरनं येतं. ऑनलाइन मागवताना अनोळखी माणसाला आगाऊ रक्कम पाठवायची नाही. पार्टचा फोटो आजच्या वर्तमानपत्रावर ठेवून काढायला सांगा, अर्धे भामटे तिथंच गप्प होतात.

पार्टसाठी दुसरी बंद गाडी घेणं स्वस्त पडतं, फक्त तिचेही कागद मागा. आणि तिचं क्रँककेस, म्हणजे इंजिनाचं खालचं कवच, आपल्या गाडीला लावू नका. इंजिन नंबर त्याच्यावर असतो, आरटीओच्या परवानगीशिवाय तो बदलला की पुढचं पासिंग अडलं. आतले गिअर, क्लच, मॅग्नेट काढून घ्यायला हरकत नाही.

पहिला महिना

रंग आणि क्रोमला हात लावू नका. आधी टायर: बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचा टायर काढून टाका. मग ब्रेक शू, सगळ्या केबल, चेन, ऑइल.

त्यानंतर पेट्रोलची वाट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसाचं असेल, पण जुन्या गाडीच्या रबराला ते सोसत नाही. पाइप मऊ पडतो, कॉकचा वायसर फुगतो, फ्लोटची सुई अडकून कार्ब्युरेटर वाहायला लागतो. पाइप, वायसर, ओ-रिंग सगळं एकदाच नवीन टाका, इथेनॉल सोसणाऱ्या प्रतीचं मागून. असं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून लोखंडी टाकी पावसाळ्यात अर्धी ठेवू नका, आतून गंजते. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडून द्या.

टू-स्ट्रोक असेल तर ऑइलचं पक्कं विचारून घ्या. आरएक्स १०० ला ऑइल पंप असतो, पण बऱ्याच मिस्त्र्यांनी तो बंद करून टाकलेला असतो आणि ऑइल टाकी नुसती शोभेला राहते. पंप चालू आहे अशा समजुतीत साधं पेट्रोल भरून फिरलात तर पिस्टन जाम. येझदीत आणि साध्या राजदूत १७५ मध्ये पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. बोअर नवा असेल तर सुरुवातीचे काही शे किलोमीटर जोर देऊ नका, जोतिबाचा चढ नंतर.

गाडीतून काढलेला प्रत्येक ओरिजनल पार्ट, मोडका असला तरी, चिठ्ठी लावून डब्यात ठेवा. लेथवाल्याला माप त्याच्यावरूनच घ्यायचं असतं.